‘अप्रगत’ : एका विशेषणाची वाटचाल

मराठीत दरवर्षी सर्वांत जास्त गद्य कोण लिहितो, असे कुणी विचारले तर कादंबरीकार, पत्रकार, भाषणांची पुस्तके काढणारे अशी उत्तरे येतील. माझे उत्तर ‘प्राथमिक शिक्षक’ असे आहे. हिशेब सोपा आहे. तिसरीच्या वर्गात तीस मुले धरली, सात विषय आणि दोन सत्रे धरली, तर चारशे वीस नोंदी होतात. ‘विशेष प्रगती’, ‘आवड/छंद’ आणि ‘सुधारणा आवश्यक’ या तीन रकान्यांच्या एकशे ऐंशी त्यात मिळवल्या की झाल्या सहाशे. एका शिक्षकाच्या, एका वर्गाच्या, एका वर्षाच्या. २०१० साली सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले तेव्हापासून राज्यभर हे लेखन चालू आहे आणि निवृत्त होईपर्यंत मीही त्याचा एक लेखक होतो. या वाङ्मयाची समीक्षा मात्र माझ्या पाहण्यात कुणी केलेली नाही.

ती करण्याजोगी आहे. ‘कविता तालासुरात म्हणतो’, ‘सूचना ऐकून कृती करतो’, ‘वाचन करताना अडखळतो’, ‘गटकार्यात सहभाग घेतो’ अशी ही वाक्ये. त्यांना कर्ता नसतो. काळ नेहमी वर्तमान असतो. मुलीच्या पानावरही पुष्कळदा ‘म्हणतो’च असते, कारण वाक्य पुस्तिकेतून उतरवलेले असते, तालुक्याच्या स्टेशनरीच्या दुकानात वर्णनात्मक नोंदींच्या तयार पुस्तिका मिळतात आणि पहिले सत्र संपत आले की त्या संपतात. वाक्यांत काही खोटे नसते. कोणत्याही मुलाला लागू पडेल असे वाक्य खोटे ठरणार तरी कसे? पण गेल्या मार्चपासून या मार्चपर्यंत या मुलाचे काय झाले, हे त्या सहाशे वाक्यांतून कळत नाही. ज्या पद्धतीचा मूळ हेतूच प्रत्येक मूल वेगळे पाहावे हा होता, तिने प्रत्येक मुलासाठी एकच गद्य तयार केले. याचा दोष शिक्षकाच्या आळसावर टाकणे सोपे आहे आणि थोडा तो आहेही. पण सहाशे व्यक्तिचित्रे वर्षाला मागितली तर व्यंकटेश माडगूळकरांनीही पुस्तिका विकत घेतली असती.

सरकारी प्राथमिक शाळेतल्या मुलांमधील शैक्षणिक अंतर हा या लेखाचा विषय आहे. आकडे थोडे येतील, पण मुख्यतः मला या अंतराविषयी मराठीत जे लिहिले गेले आहे ते वाचायचे आहे. त्यात कादंबरी आहे, आत्मकथने आहेत, शासन निर्णय आहेत, पाहणीची चाचणी आहे आणि शाळेच्या कपाटातले जनरल रजिस्टरही आहे. हे लेखन एकमेकांशेजारी ठेवून कुणी वाचत नाही. कादंबरी मराठी विभागात असते, अहवाल शिक्षणशास्त्र विभागात आणि रजिस्टर कुलूपबंद.

•

मागे पडणाऱ्या मुलासाठी सरकारी भाषेत शब्द कसे बदलत गेले ते आधी पाहू. १९२९ च्या हारटोग समितीने भारतातल्या प्राथमिक शिक्षणाचे दोन रोग सांगितले. पहिलीत आलेले मूल चौथीपर्यंत न पोचता शाळा सोडते हा एक, आणि एकाच इयत्तेत वर्षानुवर्षे बसून राहते हा दुसरा. मराठी डी.एड.च्या पुस्तकांत ते ‘गळती’ आणि ‘स्थगन’ या नावांनी आले. आमच्या पिढीने ते पाठ केले. गळती हा शब्द छपराचा आणि हंड्याचा आहे. त्यात दोष भांड्याचा असतो, पाण्याचा नसतो, म्हणून तो मला अजूनही बरा वाटतो. इंग्रजी शब्द मात्र उधळपट्टीचा होता. सरकारने या मुलावर केलेला खर्च वाया गेला, असा त्याचा रोख. मराठी भाषांतरकाराने कळत किंवा नकळत रोख फिरवला.

गारगोटीच्या मौनी विद्यापीठाशी निगडित असलेले आणि पुढे कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव झालेले जे. पी. नाईक या दोन्ही रोगांवर आयुष्यभर लिहीत राहिले. समता, गुणवत्ता आणि संख्या या तीन टोकांचा त्रिकोण भारतीय शिक्षणाला कधी साधत नाही, हे त्यांचे १९७५ च्या पुस्तकातले प्रतिपादन आजही शिळे झालेले नाही. एक टोक ओढले की दुसरे सुटते. महाराष्ट्राने पुढच्या तीसेक वर्षांत संख्येचे टोक ओढले, आणि ते चांगलेच ओढले. वाडी-वस्तीवर शाळा आली, पटनोंदणी जवळजवळ पूर्ण झाली. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने आठवीपर्यंत कुणाला त्याच वर्गात ठेवायचे नाही असे ठरवले, तेव्हा कागदावरून ‘नापास’ गेला आणि त्याच्याबरोबर ‘स्थगन’ही गेले. मूल आता गळत नव्हते, थांबतही नव्हते. ते पुढच्या वर्गात जात होते. फक्त त्याला वाचता येत नव्हते. या मुलासाठी आमच्याकडे शब्दच नव्हता.

तो २०१५ साली मिळाला. त्या वर्षी जूनमध्ये ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’चा शासन निर्णय निघाला. भाषा आणि गणिताच्या पायाभूत चाचण्या घ्यायच्या, कोण कुठे अडले आहे ते पाहायचे, आणि शिक्षकाने त्या मुलाला तिथून पुढे न्यायचे. या निर्णयाची टिंगल करणाऱ्यांत मी नाही. त्याने पहिल्यांदा अधिकाऱ्याला वर्गात खाली बसून मुलाला ‘वाचून दाखव’ म्हणायला लावले. सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटमध्ये विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे आणि तिथल्या शिक्षकांनी जे काम उभे केले होते ते पाहायला राज्यभरातून शिक्षकांच्या गाड्या जात. आमचीही गेली. जमिनीवर रंगवलेली गणिते, काड्यांचे गठ्ठे, मुले आपापली कामात, आणि बाई एका कोपऱ्यात एकाच मुलीबरोबर बसलेल्या. परतीच्या प्रवासात गाडीत कुणी फारसे बोलले नाही. शिक्षकांच्या सहलीत हे क्वचित घडते.

पण शब्दाकडे पाहा. शासन निर्णयाच्या नावात ‘प्रगत’ हे विशेषण महाराष्ट्राला लावलेले आहे. ते तिथून शाळेकडे आले आणि फाटकावर ‘प्रगत शाळा’ असे फलक लागले. शाळेकडून ते मुलाकडे आले. आणि मुलाकडे आल्यावर त्याला, व्याकरणात येतो तसा, ‘अ’ लागला. ‘तुमच्याकडे अप्रगत किती?’ हा प्रश्न केंद्राच्या बैठकीत पटसंख्येसारखा विचारला जाऊ लागला. ‘चार.’ ‘मागच्या महिन्यात पण चारच होते.’ ‘होय साहेब.’ ‘मग काय केलं?’ एका शनिवारी संध्याकाळपर्यंत यादी द्यायची होती, तेव्हा माझ्या वर्गातल्या चारांपैकी दोघे अप्रगत राहिले आणि दोघे प्रगत झाले. त्या दोघांनी त्या आठवड्यात काही विशेष केले नव्हते. जे केले ते मी, पेनाने.

•

हाच शब्द त्याआधी तीस वर्षे फलटणमध्ये वेगळ्या अर्थाने वापरात होता. मॅक्सीन बर्नसन या अमेरिकेत जन्मलेल्या आणि पुढे भारताचे नागरिकत्व घेतलेल्या भाषाअभ्यासक बाई फलटणला राहिल्या. शाळेत जाऊनही वाचता न येणारी दलित वस्तीतली मुले त्यांनी पाहिली, त्यांच्यासाठी वर्ग चालवले आणि १९८४ मध्ये ‘प्रगत शिक्षण संस्था’ स्थापन केली. इथे प्रगत कोण आहे? मूल नव्हे. शिक्षण. मुलाला वाचता येत नसेल तर शिकवण्याची रीत मागासलेली आहे, असा या नावाचा सरळ अर्थ. अ-आ-इ-ई ची सगळी बाराखडी संपेपर्यंत मुलाला एकही अर्थाचा शब्द वाचायला न मिळणे ही ती मागासलेली रीत. थोडी अक्षरे आणि त्यांच्याबरोबरच काना-मात्रा दिल्या, आणि मुलांच्या स्वतःच्या बोलण्यातले शब्द घेतले, तर पहिल्या काही आठवड्यांतच मूल काहीतरी वाचते. हे आज पुष्कळांना मान्य आहे, तेव्हा नव्हते.

याच बाईंनी बेबी कांबळे यांचे अनेक वर्षे लपवून ठेवलेले लिखाण बाहेर यावे म्हणून आग्रह धरला, आणि ‘जिणं आमुचं’ मराठीला मिळाले. साहित्याच्या इतिहासात ही तळटीप असते आणि शिक्षणाच्या इतिहासात ती नसतेच. मला या दोन गोष्टी एकच वाटतात. मुलाला वाचायला शिकवणे आणि त्याच वस्तीतल्या बाईचे लिहिलेले वाचले जावे म्हणून धडपडणे, यांत कामाची दिशा एकच आहे.

१९५५ सालच्या ‘बनगरवाडी’कडे आता जाऊ. मराठीतली सर्वांत प्रसिद्ध एकशिक्षकी शाळा तिथे आहे. राजाराम सौंदणीकर हा पोरसवदा मास्तर धनगरांच्या वाडीत येतो तेव्हा शाळेत मुले नाहीत. ती मेंढरांमागे आहेत. कारभाऱ्याचा कौल मिळवत, लोकांची पत्रे-कामे करत तो वाडीत मुरतो, तालीम उभी करतो, आणि शेवटी दुष्काळ येतो आणि वाडी ओस पडते. समीक्षेने या कादंबरीत माणदेश पाहिला, समूह हाच नायक पाहिला, निवेदनातला संयम पाहिला. सगळे योग्यच आहे. पण मी हे पुस्तक पहिल्यांदा वाचले ते नेमणुकीच्या पहिल्या वर्षी, आणि त्या वयात मला जो प्रश्न पडला तो कुणी विचारलेला मला अजून आढळला नाही. बनगरवाडीतली मुले वाचायला शिकली का?

कादंबरी ते फारसे सांगत नाही. मुले गोळा कशी झाली ते सांगते, पण फळ्यासमोर पुढे काय झाले त्याबद्दल ती अबोल आहे. मास्तराचे यश म्हणून वाडीपुढे जे उभे राहते ते तालमीचे घर आहे, वाचनारा पोरगा नव्हे. हा मी कादंबरीचा दोष मानत नाही. उलट माडगूळकरांनी ज्या जागी नजर वळवली तिथे त्यांची नजर अचूक आहे. शेकूची बायको बैलाच्या जोडीला स्वतः जू ओढते, त्या वाडीत बाराखडीला किती जागा असणार, हे लेखकाला ठाऊक आहे. पण आम्ही वाचकांनी, विशेषतः शिक्षक असलेल्या वाचकांनी, त्यातून सोयीचा धडा घेतला. मास्तर गावात मुरला, लोकांचा झाला, की झाले. मुलांना काय आले ते विचारायचे नाही. माझ्या नोकरीच्या पहिल्या दहा वर्षांत ‘चांगला मास्तर’ म्हणजे बनगरवाडीचा मास्तर होता. मी स्वतः गावात मंदिराचा सभामंडप होण्यासाठी खटपट केली. त्या वर्षी माझ्या चौथीतल्या किती जणांना पत्र वाचता येत होते, ते मला आज सांगता येणार नाही.

आणखी एक गोष्ट. दुष्काळात ओस पडलेली ती शाळा आजच्या भाषेत ‘वीसपेक्षा कमी पटाची शाळा’ ठरली असती आणि संचमान्यतेच्या आधीच तिचा निकाल लागला असता. गेल्या काही वर्षांत अशा शाळा एकत्र करून समूहशाळा करण्याचा विचार पुढे आला. दूरच्या चांगल्या शाळेपेक्षा जवळची बरी शाळा कधी चांगली, हा खरा प्रश्न आहे आणि तो डोंगरात वेगळा सुटतो, सपाटीवर वेगळा. त्याचे सरसकट उत्तर देणाऱ्यांवर माझा विश्वास नाही.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला आणि पुढे कोसबाडला याच्या उलट्या टोकाने सुरुवात केली. मूल शाळेत येत नसेल तर शाळेने त्याच्या अंगणात जावे. आणि जे गुरे राखते त्याच्यामागे कुरणात जावे. ‘कुरणशाळा’ हा शब्द मराठीने त्या टेकडीवरून घेतला. बनगरवाडीच्या मास्तराला तो कुणी सांगितला असता तर, असे मला नेहमी वाटत आले आहे.

•

आत्मकथनांचे म्हणणे वेगळे आहे. १९८० च्या ‘उपरा’त लक्ष्मण माने यांचे बिऱ्हाड गाढवांच्या पाठीवर आहे आणि गाव बदलले की शाळा बदलते. घरची कैकाडी भाषा एक, शाळेची दुसरी. ‘उचल्या’त लक्ष्मण गायकवाडांच्या वस्तीवर पोरांना हगवण-ओकारी लागते तेव्हा त्याचा दोष शाळेत जाऊ लागलेल्या पोरावर येतो. अहवालांत ज्याला ‘पालकांची उदासीनता’ म्हणतात, त्या दोन शब्दांच्या आत काय काय असते ते या पुस्तकांनी दाखवले. तिथे उदासीनता नाही, भय आहे, आणि त्या भयाला इतिहास आहे. महात्मा फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात प्राथमिक शाळेचे शिक्षक शक्यतो नांगर किंवा वाकस धरण्याची लाज न वाटणाऱ्या वर्गांतून तयार करावेत असे सुचवले, ते याच अंतरासाठी. शिकवणारा आणि शिकणारा यांच्यात एवढी फारकत असेल तर वर्गात नुसते बसूनही मूल बाहेरच राहते, हे त्यांनी एकशे चाळीस वर्षांपूर्वी ओळखले होते.

तरीही या आत्मकथनांवर एक आक्षेप मला घ्यायचा आहे, आणि तो त्यांच्या लेखकांवर नाही, वाचकांवर आहे. प्रत्येक आत्मकथन हे पोचलेल्याने लिहिलेले असते. ज्या वर्गात लक्ष्मण बसला त्या वर्गात त्याच्याच जातीचे, त्याच्याच पालातले आणखी कुणी बसले असेल आणि दुसरीत उठून गेले असेल. त्याने पुस्तक लिहिले नाही, कारण त्याला लिहिता आले नाही. आम्ही मात्र पाठ्यपुस्तकांत, भाषणांत, निरोप समारंभांत पोचलेल्याचा दाखला देत आलो. ‘बघा, एवढ्या हालअपेष्टांतून ते शिकले, तुम्हाला काय झालं?’ हे वाक्य मी वर्गात उच्चारलेले आहे. एका आत्मकथनाचा मी छडीसारखा उपयोग केला. ज्या पुस्तकाने व्यवस्थेवर आरोप ठेवला होता, त्याचा पुरावा मी मुलाविरुद्ध वापरला.

न पोचलेल्यांची मोजदाद करण्याचे काम पाहण्यांनी केले. प्रथम संस्थेची ‘असर’ पाहणी २००५ पासून ग्रामीण भारतात होते. ती शाळेत नव्हे, घरी जाऊन होते, त्यामुळे त्या दिवशी गैरहजर असलेले मूलही सापडते. तिचे साधन म्हणजे एक कागद. त्यावर काही अक्षरे, काही सोपे शब्द, पहिलीच्या पातळीची चार वाक्ये आणि दुसरीच्या पातळीची एक छोटी गोष्ट. मुलाला आधी चार वाक्ये देतात. जमली तर गोष्ट, न जमली तर शब्द, तेही नाही तर अक्षरे. पाच अक्षरांपैकी चार बरोबर आली तर अक्षरे येतात. आणि परिच्छेदाचा निकष असा की मुलाने तो शब्दामागून शब्द असा नव्हे, तर वाक्यासारखा वाचावा.

साहित्याचा वाचक म्हणून हा शेवटचा निकष मला फार आवडतो. वाक्य ऐकू येणे, हीच वाचनाची खूण आहे. त्या मुलाला काय समजले ते हा कागद विचारत नाही, ही त्याची मर्यादा आहे. पण जिथे वाक्यच ऐकू येत नाही तिथे समजण्याचा प्रश्न पुढचा. २०२२ मध्ये देशातल्या ग्रामीण सरकारी शाळांमधील तिसरीच्या शंभरांपैकी सोळा मुलांना दुसरीची गोष्ट वाचता येत होती. २०२४ मध्ये साधारण तेवीस जणांना. करोनाची दोन वर्षे मध्ये होती, त्यांतून शाळा सावरल्या आणि थोड्या पुढेही गेल्या, असे म्हणता येते, आणि ते सरकारी शिक्षकांचे काम आहे हेही म्हटले पाहिजे. उरलेली सत्याहत्तर कुठे आहेत, हेही.

सरासरीला चेहरा नसतो हा नेहमीचा आक्षेप मी घेणार नाही. सरासरीचे ते कामच नाही. माझी तक्रार सरासरी वाचणाऱ्यांविषयी आहे. खाजगी शाळेचा आकडा सरकारी शाळेच्या आकड्यापेक्षा वर असतो आणि वर्तमानपत्रात त्याचा मथळा होतो. पण खाजगी शाळेच्या दाराशी मूल येते तेव्हा त्याच्या घरात किती पुस्तके आहेत, आई किती शिकली आहे, शिकवणी आहे का, हे आधीच ठरलेले असते. ‘श्यामची आई’ आठवा. श्याम शाळेत पोचण्याच्या आधी घरात केवढी शाळा झालेली आहे! साने गुरुजींनी ती आईच्या प्रेमाची गोष्ट म्हणून सांगितली आणि ती तशी आहेच. पण त्यात श्लोक, गोष्टी, अक्षरओळख, बोलण्याची शिस्त यांचा जो साठा मुलाला फुकट मिळतो, तो कोकणातल्या त्याच गावातल्या कुळवाड्याच्या मुलाला मिळत नव्हता. दोघांची आई तितकीच प्रेमळ असेल. परीक्षेत मोजला जातो तो साठा, आणि नाव होते शाळेचे.

भाषेचे अंतर तर आकड्यांत दिसतच नाही. मेळघाटातले कोरकू मूल, यवतमाळच्या पोडावरचे कोलाम मूल आणि पालघरचे वारली मूल यांना पहिलीत बालभारतीचे तेच पुस्तक मिळते. कोरकू ही मुंडा कुळातली, कोलामी द्राविडी कुळातली, वारली मराठीला जवळची. एका मुलाला मराठी थोडी वळणे घेऊन समजते. दुसऱ्याला ती बंगालीपेक्षाही परकी आहे. चाचणीत दोघेही ‘शब्द पातळी’वर असतील तर यादीत दोघे एका ओळीत येतात. हेरंब कुलकर्णी यांनी आदिवासी भागातल्या शाळा हिंडून लिहिलेल्या पुस्तकाला ‘शाळा आहे शिक्षण नाही’ असे नाव दिले. त्याला मी एवढेच जोडेन की काही ठिकाणी शिक्षणही आहे, पण ते ज्या भाषेत आहे ती भाषा वर्गात फक्त शिक्षकाची आहे.

•

माझा भाग ऊसतोडीचा. दसरा-दिवाळी झाली की टोळ्या निघतात. मुकादमाची उचल पावसाळ्यातच घेतलेली असते. आमच्याकडे ‘कोयता’ म्हणजे हत्यार नव्हे, नवरा-बायकोची जोडी. पोर मोठे असेल तर आजीजवळ ठेवतात, धाकटे असेल तर बरोबर जाते, आणि मधल्या वयाचे, धाकट्याला सांभाळण्याजोगे, तेही बरोबर जाते. हे मधले वय म्हणजे नेमकी तिसरी-चौथी, ज्या वयात वाक्य ऐकू येऊ लागायचे असते. साखरशाळा निघाल्या, हंगामी वसतिगृहे निघाली, आणि त्यांनी पुष्कळ मुलांना थांबवले. सगळ्यांना नाही. दुसरे सत्र उघडते तेव्हा वर्ग अर्धा असतो, आणि वर्षाची दुसरी संकलित चाचणी होते तेव्हा अजून कोप्या उठलेल्या नसतात.

माझ्या तिसरीत एक मुलगी होती. ऑक्टोबरात ती शब्द वाचत होती, चार वाक्यांच्या उंबऱ्यावर होती. चैत्रात परत आली तेव्हा वेलांट्या गेल्या होत्या. पण दिवसाच्या मोळ्या, त्यांचे टन, टनाचा भाव आणि उचलीतून किती वळते झाले, हे ती तोंडी सांगत होती. वजाबाकी हातच्याची होती. शिक्षणावरच्या लेखांत अशा जागी लेखक हरखतो आणि ‘जीवनाची शाळा’ वगैरे लिहितो. मी हरखलो नाही. त्या मुलीच्या बापाने उचलीच्या ज्या कागदावर अंगठा दिला होता, तो कागद तिला वाचता येत नव्हता. तोंडी हिशेब बरोबर होता आणि कागदावरचा वेगळा होता, आणि खरा धरला जाणार होता तो कागदावरचा. तिला वाचता येणे ही माझ्या शाळेची कृपा नव्हती, तिच्या घराची गरज होती. म्हणून ‘परीक्षा नकोत, मोजमाप नको, मुलांना फुलू द्या’ म्हणणाऱ्या शहरी मित्रांशी माझे जमत नाही. आणि २०२३ च्या डिसेंबरात पाचवी-आठवीसाठी वार्षिक परीक्षेचा आणि नापासाचा मार्ग परत उघडला तेव्हा ‘आता तरी पोरं अभ्यास करतील’ म्हणणाऱ्यांशीही जमत नाही. ती मुलगी फेब्रुवारीत फडावर होती. तिने कोणत्या भीतीने अभ्यास करायचा होता?

तिच्या पानावर मी काय लिहिले होते ते मला पाठ आहे. ‘उपस्थिती अनियमित. वाचनात सुधारणा आवश्यक.’ पुस्तिकेतलीच दोन वाक्ये. मोळ्यांचा हिशेब लिहायला रकाना नव्हता, आणि खरे म्हणजे ‘विशेष प्रगती’चा रकाना होता, मला सुचले नाही.

निवृत्तीच्या आधी शाळेची जुनी कागदपत्रे लावण्याचे काम माझ्याकडे आले. जनरल रजिस्टर, ज्याला आम्ही दाखल-खारीज म्हणतो, सत्तरेक वर्षांचे होते. या रजिस्टरात एक रकाना आहे, ‘शाळा सोडल्याचे कारण’. पोचलेल्यांची आत्मकथने छापलेली आहेत. न पोचलेल्यांविषयी जे काही लिहिले गेले ते या एका रकान्यात आहे, आणि ते त्यांनी स्वतः लिहिलेले नाही. मी दोन दिवस तो रकाना वाचत बसलो. जुन्या मास्तरांची अक्षरे वळणदार. काही जण कारणे लिहीत: ‘बाप वारला’, ‘गुरे राखतो’, ‘लग्न झाले’, एके ठिकाणी नुसते ‘दुष्काळ’. पुढे छापील रजिस्टर आले, आणि तेव्हापासून पानेच्या पाने एकच शब्द आहे, ‘सतत गैरहजर’, त्याखाली वरीलप्रमाणेच्या दोन रेघा, खाली, खाली, पान संपेपर्यंत. शेजारच्या रकान्यांत प्रगती ‘समाधानकारक’, वर्तणूक ‘चांगली’.

शिक्षण हक्क कायद्यानंतर त्या रेघाही थांबल्या, कारण आता कुणाला कमी करायचे नाही. त्या मुलीचे नाव माझ्याच अक्षरात आहे. पाचवीला दुसऱ्या शाळेत गेली म्हणून दाखला दिला. कारणाच्या रकान्यात ‘पुढील शिक्षणासाठी’, प्रगती ‘समाधानकारक’, आणि सही माझी.